जुना जमा, नवा मंजूर

आमच्या अंगणात कडुलिंबाखाली एक इंजिन ठेवलेलं आहे. वर ताडपत्री, खाली दोन लाकडी ओंडके. येणारा-जाणारा विचारतो, हे काय? मी सांगते, इंजिन. मग पुढचा प्रश्न, विकायचंय का? मी नाही म्हणते आणि विषय बदलते, कारण त्यापुढचं सांगायला बसले की माझं डोकं फिरतं. आज सांगायचं ठरवलंच आहे, तर फिरू दे.

इंजिन आमच्या मॅटाडोर व्हॅनचं आहे. गाडीही शेजारीच उभी असते, पण तिच्या पोटात आता दुसरं इंजिन आहे, नव्या जमान्याचं. ते मी बसवलं. मी जळगावला आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड शिकवते. लोखंड कातणं हे माझं रोजचं काम. लग्न झालं होतं, टिकलं नाही, एवढ्यावर तो विषय संपवते. तेव्हापासून मी जळगावातल्याच मेहरूणच्या माहेरी राहते; आई गेल्यापासून घरात मी आणि माझे वडील, दोघंच. आम्ही त्यांना नाना म्हणतो.

नाना बसडेपोत मेकॅनिक होते, आधी धुळ्याला, मग जळगावला. त्यांच्या डेपोत एक नियम होता. बसचा कुठलाही पार्ट स्टोअरमधून नवा हवा असेल, तर काढलेला जुना आधी खिडकीवर नेऊन द्यायचा, त्याची पावती घ्यायची, आणि मग नव्याच्या कागदावर सही व्हायची. जुना जमा, नवा मंजूर. डेपोत हा नियम मोडणारे बरेच असतील. नानांनी मात्र तो घरीसुद्धा आणला. पेन्सिल संपली की बोटभर उरलेला तुकडा दाखवल्याशिवाय दुसरी मिळायची नाही. आईने नवा झाडू मागितला की जुना खराटा नानांपुढे हजर करावा लागे. आणि जमा केल्याची पावती मिळे, खरोखर मिळे. कॅलेंडरच्या जुन्या पानांचे चौकोनी तुकडे त्यांच्या उशाशी असायचे, त्यावर तारीख, मजकूर आणि सही. आई त्या पावत्या चुलीत घालायची. मी जपून ठेवायचे, कारण त्यावर माझं नाव असायचं.

मी पाचवीत असताना नानांनी लिलावात ती मॅटाडोर घेतली. आधी ती कुठल्या तरी शाळेची होती, खिडक्यांच्या चौकटीवर पोरांनी कंपासने काहीबाही कोरलेलं होतं. दोन वर्षं रविवारी-रविवारी खपून नानांनी तिचं घर केलं. मागे प्लायवूडचे दोन पलंग, त्याखाली भांड्यांचे कप्पे, स्टोव्हसाठी पत्र्याची पेटी, पाण्याच्या कॅनला नळ. पडदे आईच्या जुन्या साड्यांचे. आता शहरातले लोक याला कॅम्पर व्हॅन म्हणतात आणि तिच्यासमोर उभं राहून फोटो काढून घेतात. आम्ही तिला नुसतं गाडी म्हणायचो. तिच्यातून आम्ही तोरणमाळ पाहिलं, अजिंठा पाहिला, एकदा तर ओंकारेश्वरपर्यंत गेलो. हॉटेलात राहणारे लोक कसे असतात हे मला खूप उशिरा कळलं.

त्या गाडीचं इंजिन पुढच्या दोन सीटांच्या मधोमध, पत्र्याच्या कव्हरखाली. उन्हाळ्यात पुढे बसणाऱ्याच्या नडग्या भाजून निघायच्या. आई त्याचाही उपयोग करून घ्यायची. निघताना कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरीचा डबा त्या कव्हरवर ठेवायची. तीन-चार तासांनी कुठे झाडाखाली थांबलो की भाकरी आत्ताच तव्यावरून उतरवल्यासारखी निघायची. गाडीच्या पुढच्या भागाशी आईचा संबंध तेवढाच. पुढे नाना आणि त्यांच्या शेजारी माझा धाकटा भाऊ. आई आणि मी मागे. सगळ्या आयुष्यात आई त्या पुढच्या सीटवर एकदाही बसली नाही. तिने मागितलं नाही असं नाना म्हणतात. मागायला हवं होतं हे तिला कुणी सांगितलं नसेल.

मी मात्र एका बाबतीत त्या इंजिनाच्या फार जवळची होते. त्याच्या मागच्या अंगाला, एक्झॉस्टच्या खाली, एक नट होता. नानांचा पंजा तिथे जायचा नाही. माझा जायचा. पाचवीपासून दहावीपर्यंत तो नट मीच काढला आणि मीच आवळला. कोपरापर्यंत काळी व्हायचे, एकदा मनगटाला चटका बसला त्याचा डाग अजून आहे. नानांनी पान्याचा नंबर म्हणायच्या आत पाना त्यांच्या हातात पडायचा. काम झालं की ते त्यांच्या अहिराणीत म्हणायचे, "जाय, हात धू." त्यापलीकडे कधी काही नाही. मला वाटायचं, डेपोत अशीच रीत असेल.

भाऊ सोळाचा झाला आणि नाना त्याला गाडी शिकवायला तलावाच्या रस्त्यावर घेऊन गेले. मी एकोणीसची. मीही निघाले, आणि पाय आपोआप पुढच्या दाराकडे गेले.

"तू मांगे बठ," नाना म्हणाले.

"मीपण शिकते ना."

"तुले कसाले? तुले कोठे गाडी चालाडनी शे?"

मी मागे बसले. भावाने क्लच सोडला, गाडीने उडी मारली आणि बंद पडली. दहा वेळा तरी बंद पडली असेल. दर वेळी नाना म्हणाले, "असू दे, असू दे." माझ्या हातून एकदा वॉशर गटारात पडला होता, तेव्हा तो मला हाताने शोधायला लावला होता. त्यामुळे ते "असू दे" माझ्या कानात जे बसलं ते बसलंच.

पहिल्या पगारात मी ड्रायव्हिंग स्कूल लावून शिकले. आता माझी स्वतःची छोटी गाडी आहे. नाना तिच्यात बसत नाहीत. दवाखान्यात जायचं असलं की मी गाडी दारात आणते आणि ते रिक्षा बोलावतात. कारण विचारलं तर म्हणतात, रिक्षात वारा लागतो. चव्वेचाळीस डिग्रीच्या उन्हात कसला वारा लागतो ते त्यांनाच माहीत. मी रिक्षाच्या मागे मागे माझी गाडी घेऊन जाते, आणि दवाखान्यातला कंपाउंडर विचारतो, ताई, तुम्ही वेगळ्या आलात? अशा वेळी तळपायाची आग मस्तकात जाते.

म्हणून मला एकच गोष्ट हवी होती. नानांनी एकदा माझ्या शेजारच्या सीटवर बसावं आणि मी गाडी चालवावी. पन्नाशीकडे झुकलेल्या बाईने असल्या गोष्टीसाठी जीव टाकू नये, हे मला कळतं. पण जीव टाकला, हे खरं आहे.

आई गेली त्याच वर्षी इंजिनानेही मान टाकली. धूर निळा झाला, तेल प्यायला लागलं, चढावर दम लागायला लागला. आईने पद्मालयच्या गणपतीला काही बोलून ठेवलं होतं, ते फेडायचं राहिलं होतं. नाना एक दिवस गाडीभोवती फिरून म्हणाले, "आते इंजिनच बदलनं पडी. मंग जाऊत पद्मालयले." हे त्यांचे शब्द. मी त्यालाच मंजुरी समजले. गाडी आईच्या नावावर होती आणि ती गेल्यावर नानांनीच ती माझ्या नावावर करायला लावली होती, कारण आरटीओचे खेटे त्यांना नको होते. म्हणजे कागदावर गाडी माझी. कागदाला नाना फार मानतात, असा माझा समज होता.

पुढच्या उन्हाळ्यात डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी नाना तीन महिने पुण्याला भावाकडे गेले. मी मनाशी ठरवलं, येतील तेव्हा गाडी तयार. आरटीओतून परवानगीचा कागद घेतला, गाडी टो करून धुळ्याला हायवेवरच्या एका गॅरेजात नेली. तिथला मिस्त्री जुन्या गाड्यांत नवी इंजिनं बसवण्यात तरबेज. अपघातात चेपलेल्या एका मालवाहू गाडीचं इंजिन त्याच्याकडे होतं, चारच वर्षांचं, कॉम्प्युटरवर चालणारं डिझेल.

बसवणं म्हणजे उचलून ठेवणं नव्हे. नव्या इंजिनाची भोकं जुन्या गिअरबॉक्सला जुळत नाहीत. मधे एक जाड पोलादी प्लेट लागते. तिचं ड्रॉइंग मी काढलं, प्लेट मी कातली, चार वेळा कातली. इंजिन बसायचे पाय नव्याने वेल्ड केले. वायरींचा तर गुंता इतका, की मिस्त्री म्हणाला, हे इंजिन शे का टेलिफोन एक्सचेंज? सगळं जोडून झालं तर सुरूच होईना. दोन दिवस आम्ही डोकं आपटलं. मग कळलं, या इंजिनाचा कॉम्प्युटर किल्ली ओळखतो. किल्लीच्या प्लास्टिकमध्ये चिप असते. ती सोडून दुसरी कुठलीही लावली तर ते जागचं हलत नाही. चेपलेल्या गाडीची मूळ किल्ली मिस्त्रीच्या ड्रॉवरमध्ये सापडली. एकच होती. ती लावल्यावर इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं, इतकं शांत की मी हात लावून खात्री केली. धुळ्याहून जळगावपर्यंत गाडी मी चालवत आणली. पारोळ्याला चहाला थांबले तेव्हा मी एकटीच हसत होते.

आता चूक सांगते. जुन्या इंजिनाबद्दल मी मिस्त्रीशी एक अक्षर बोलले नाही. गाडी घेऊन निघताना मनात म्हटलं, ते नंतर टेम्पोने नेऊ. मनातच म्हटलं. मी ज्या घरात वाढले तिथे उतरवलेला पार्ट जमा असतो, हे सांगावं लागत नाही. मिस्त्री ज्या गॅरेजांत वाढला तिथे उतरवलेला माल गॅरेजचा होतो, हेही सांगावं लागत नाही. हवा असेल तर गिऱ्हाइकाने काम सुरू व्हायच्या आधी म्हणायचं. दोघंही आपापल्या रीतीने सरळच वागलो.

भाऊ नानांना त्याच्या नव्या मोठ्या गाडीतून घेऊन आला. अंगणात उतरल्याबरोबर मी मॅटाडोर सुरू केली. नाना काठी टेकत आले, उभे राहिले, कान दिला. मग कव्हर उघडायला सांगितलं. नव्या डोळ्यांनी त्यांनी आतलं सगळं पाहिलं, प्लेट पाहिली, तिच्या कडेवरून बोट फिरवलं, वेल्डिंग नखाने खरवडून पाहिलं. वीस मिनिटं तरी पाहत असतील. मी त्यांना चांगली ओळखते. दोष असता तर पहिल्या मिनिटाला निघाला असता.

"जुनं कोठे शे?" त्यांनी विचारलं.

"धुळ्याला. गॅरेजमध्ये."

"पावती?"

"पावती नाही घेतली, नाना."

त्यांनी कव्हर स्वतःच्या हाताने बंद केलं. "डेपोमा ऱ्हाती तं तुले मेमो भेटता. जुनं जमा नही, तं नवं मंजूर नही. मी या गाडीमा बठनार नही."

भाऊ मागून म्हणाला, "अहो नाना, भंगारच होतं ते." नानांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही, पण त्याला रागावलेही नाहीत. मी आत जाऊन स्वयंपाकाला लागले आणि वांग्याच्या भरितात मीठ दोनदा घातलं.

दुसऱ्या दिवशी धुळ्याला फोन केला. मिस्त्री म्हणाला, "ताई, उतारेल माल गॅरेजना ऱ्हास. लेवाना व्हता तं पहिले सांगानं." इंजिन त्याने कधीच देऊन टाकलं होतं, पाचोऱ्याच्या एका आरागिरणीला. वीज गेली की करवत चालवायला त्यांना इंजिन लागतं.

मी पाचोऱ्याला गेले. आरागिरणीचे मालक मारवाडी शेठ, सत्तरीचे, लाकडाच्या भुशाने माखलेले. आमचं इंजिन शेडमध्ये सिमेंटच्या चौथऱ्यावर बोल्ट मारून बसवलेलं होतं आणि चालू होतं. तोच आवाज. मी तिथे उभी राहिले आणि मला आई आठवली, तिचा डबा आठवला, आणि इतक्या माणसांसमोर रडायला येईल या भीतीने मी उगीचच करवतीच्या पट्ट्याची चौकशी केली.

शेठ अडवणूक करणारे नव्हते. म्हणाले, "तुमच्या वडिलांची वस्तू आहे, घेऊन जा. पण ताई, माझी करवत बंद पडली तर मी काय करू?" म्हणजे इथेही तेच. त्यांना दुसरं इंजिन बसवून देईन तेव्हा माझं सुटणार. बंद पडलेल्या एका पिठाच्या गिरणीचं इंजिन शोधलं, ते खोललं, रिंगा बदलल्या, त्याची पुली कातली. चार रविवार गेले. पाचव्या रविवारी शेठनी करवत लावली, सागाचा एक ओंडका सरळ चिरून पाहिला आणि म्हणाले, "वा ताई, तुमचा हात साफ आहे." एका परक्या माणसाला ते म्हणायला दोन सेकंद लागले. येताना टेम्पोत इंजिनाशेजारी बसून मी तेच मोजत होते, दोन सेकंद.

इंजिन अंगणात उतरवलं. नानांनी खुर्ची मागवली आणि त्याच्यापुढे बसले. डायरीतून इंजिन नंबर काढला, ब्लॉकवरचा नंबर ओल्या फडक्याने पुसून तो एकेक आकडा बोट लावून ताडून पाहिला. मागच्या अंगाला माझा तो नट होता. त्याच्यावर त्यांची नजर गेली की नाही ते सांगता येत नाही. मग त्यांनी कॅलेंडरचा चौकोनी तुकडा काढला आणि लिहिलं: जुने इंजिन जमा. नवे मंजूर. खाली तारीख, सही. लहानपणीच्या पावत्यांवर माझं नाव असायचं. या पावतीवर कुणी जमा केलं ते लिहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, वय झालं, विसरले असतील. माणूस स्वतःला किती फसवतो त्याला मर्यादा नाही.

मी किल्ली आणली. "चला नाना, तलावाला एक चक्कर मारून येऊ."

"भाऊले येवू दे दिवाळीले," ते म्हणाले. "मंग जाऊत."

मंजुरी इंजिनाला होती. चालवणारीला नव्हती.

दिवाळीत भाऊ आला. पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही पद्मालयला निघालो. नानांनी हात पुढे केला, मी किल्ली त्यांच्या हातावर ठेवली, आणि ती त्यांनी भावाला दिली. "तू चालाड." भाऊ माझ्याकडे बघून ओशाळं हसला. तो वाईट नाही. त्याला आयुष्यात काही मागावं लागलं नाही, एवढाच त्याचा दोष. मी मागचं दार उघडलं आणि आईच्या जागेवर जाऊन बसले. भाकरीचा डबा कव्हरवर ठेवला होता.

पुण्यात भावाची गाडी बिनक्लचची. त्याचा डावा पाय क्लच विसरून गेलेला. मेहरूणच्या पहिल्याच वळणावर गाडी उडी मारून बंद पडली.

"असू दे, असू दे," नाना म्हणाले.

एरंडोलपर्यंत हायवेने कसेबसे गेलो. पुढे पद्मालयच्या जंगलातला चढ लागला आणि तिथे गाडी तीनदा बंद पडली, एकदा तर मागे घरंगळली. दर वेळी असू दे. सपाटीला आलो की नाना म्हणत, "आवाज बी येत नही. कशी लोण्यासारखी चाली ऱ्हायनी." ते हे भावाला सांगत होते, जणू इंजिन त्यानेच बसवलं होतं. भाऊ एकदा म्हणाला, "ताईने काम भारी केलंय, नाना." नानांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि विचारलं, "पळसले फुलं कवय येतस?" दिवाळीत पळसाची चौकशी.

देवळात आईचं बोललेलं फेडलं. तळ्याच्या काठाला डबा उघडला. नव्या इंजिनाच्या कव्हरखाली मी उष्णता अडवायचा पत्रा लावला आहे, नडग्या भाजू नयेत म्हणून. भाकरी गार होती. नानांनी एक तुकडा मोडला, खाल्ला आणि डबा भावाकडे सरकवला. तो दोष मात्र माझाच होता आणि मला लागला.

परत निघताना भावाने कमरेला हात लावला. "ताई, माझी पाठ गेली. तू घे. मी मागे आडवा होतो."

मी किल्ली घेतली आणि ड्रायव्हरच्या जागेवर बसले. शेजारच्या सीटवर नाना आधीच बसलेले होते. पट्टा लावलेला. म्हणजे झालं होतं. कुणी काही न ठरवता, पाठदुखीच्या निमित्ताने का होईना, नाना माझ्या शेजारी होते. मी किल्ली फिरवली. इंजिन सुरू झालं.

नानांनी पट्टा सोडला. दार उघडलं. ऐंशी ओलांडलेला माणूस, दोन्ही गुडघे गेलेले, ते एक हात दाराला धरून खाली उतरले, गाडीच्या कडेकडेने हात टेकत मागे गेले आणि मागच्या उंच पायरीवर भावाने काखेत हात घालून त्यांना चढवलं. "माले झोप यी ऱ्हायनी," ते म्हणाले आणि पलंगावर बसले. दुसऱ्या पलंगावर सामान होतं, त्यामुळे भावाला आडवं व्हायला जागा उरली नाही. तो पुढे आला, पट्टा लावला आणि एरंडोल यायच्या आत तोंड उघडं टाकून झोपला.

मी गाडी अशी चालवली की भरलेला पाण्याचा पेला हिंदकळला नसता. उतारावर, खड्ड्यात, कुठेही धक्का नाही. मधल्या आरशात मागचा पलंग दिसतो. नाना झोपले नव्हते. काठी दोन्ही हातांत धरून ते ताठ बसले होते, डोळे उघडे, मान थोडी कलती, इंजिन ऐकताना ते बसतात तसे. मेहरूणपर्यंत त्यांनी पापणी मिटली नाही. मी तीनदा आरशात पाहिलं आणि तिन्ही वेळा त्यांनी माझी नजर टाळली.

घरी आलो तेव्हा ऊन उतरायला आलं होतं. गाडीची किल्ली आमच्याकडे पूर्वीपासून नानांच्या खोलीत, त्यांच्या उशावरच्या खिळ्याला असायची. नाना पलंगावर टेकले आणि हात पुढे केला. "किल्ली जमा कर."

मी किल्ली मुठीत धरली. "करते," मी म्हणाले. "पावती द्या."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"उशाशी कागद आहेत, पेन तुमच्या खिशाला आहे. लिहा, किल्ली जमा. आणि पद्मालयहून मेहरूणपर्यंत गाडी कुणी आणली, ते नाव लिहा. खाली सही करा. मग देते."

भाऊ दारात उभा होता, तो मोबाइलमध्ये बघायला लागला. नानांनी कागद घेतला. पेनचं टोपण काढलं. तारीख घातली. किल्ली जमा, असं लिहिलं. नंतर पेनचं टोक कागदापासून जरा वर धरून ते बसून राहिले. हात थरथरत नव्हता. त्यांचा हात कधीच थरथरत नाही. मी उभी होते. मी ठरवलं होतं, आज मी हलणार नाही, आज मी हात धुवायला जाणार नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी टोपण लावलं, कागदाची घडी केली आणि उशीखाली सरकवली. "ऱ्हाऊ दे," ते म्हणाले. "किल्ली तुन्हाजोडेच ऱ्हाऊ दे." आणि भिंतीकडे तोंड करून आडवे झाले.

त्यानंतर त्यांनी किल्ली मागितलेली नाही. माझी एक मैत्रीण म्हणते, अगं, म्हणजे गाडी त्यांनी तुझ्या हवाली केली की, आता तरी खूश हो. भाऊही फोनवर तेच म्हणतो. मी दोघांना सांगते, तुम्ही नानांना ओळखत नाही. ज्या माणसाने डेपोत जन्म घालवला आणि पावतीशिवाय एक वॉशर हातचा सोडला नाही, त्याने माझं नाव लिहावं लागू नये म्हणून किल्ली सोडून दिली.